स्क्रू मारलाय ना, मग गोंद कशाला?

लाकूडकामाची हौस असणाऱ्यांमध्ये एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्क्रू मारायचा असेल तर गोंद लावणं फुकट. भार सगळा स्क्रूच घेतो, गोंद कालांतराने सुकून ठिसूळ होतो, गोंदामुळे लाकूड तडकतं, चिकटवलेली वस्तू पुन्हा खोलता येत नाही, आणि जुने कारागीर म्हणे गोंदाला हातही लावत नसत. या पाचांतला दीड मुद्दा बरोबर आहे.

आधी 'भार सगळा स्क्रूच घेतो' हे पाहू. मी पहिलं स्टूल याच समजुतीवर केलं होतं. पायांवर आडव्या पट्ट्या सपाट टेकवल्या आणि प्रत्येक सांध्याला दोन स्क्रू मारले. पहिल्या दिवशी दगडासारखं घट्ट. दोन महिन्यांत डुलायला लागलं. आवळलं, आठवडाभर ठीक, की पुन्हा तेच. शेवटी एक स्क्रू काढून भोकात डोकावलो. गोल पाडलेलं भोक लांबट झालं होतं आणि कडेचे रेषे, म्हणजे लाकडातले तंतू, चेपून त्यांचा भुगा झाला होता. स्क्रू शाबूत, लाकूड हरलेलं. बसणारा जरा हलला की सगळा ताण त्या दोन बारीक जागांवर येतो आणि पोलाद लाकडाला चेपत राहतं. गोंद तोच ताण सांध्याच्या अख्ख्या पृष्ठभागावर पसरवतो.

खात्री करायची तर दोन टाकाऊ तुकडे घ्या, रेषे एकाच दिशेने ठेवून लांब कडेला कड चिकटवा, 24 तास दाबून ठेवा आणि मग हातोड्याने फोडा. सांधा नीट जमला असेल तर बहुतेक वेळा फूट गोंदाच्या रेघेवर न जाता शेजारच्या लाकडातून जाते.

मात्र फळीच्या आडव्या कापलेल्या टोकाला हे लागू नाही. तिथे रेषे गवताच्या पेंढीसारखे उघडे असतात, गोंद पिऊन टाकतात आणि सांधा कच्चा राहतो. स्क्रूची पकडही तिथे कमीच. अशा जागी सांध्याची पद्धतच बदलावी. सनमायका किंवा रंगावर तर साधा पांढरा गोंद (फेविकॉलसारखा) धरतच नाही, तो कोऱ्या लाकडालाच लावायचा.

'सुकून ठिसूळ होतो' हे पांढऱ्या गोंदाबद्दल जवळजवळ उलटं आहे. तो सुकल्यावरही किंचित लवचीक राहतो, इतका की सतत ओझ्याखाली असलेला सांधा हळूहळू सरकू शकतो. तिथे स्क्रू त्याला धरून ठेवतो. पांढऱ्या गोंदाचं खरं दुखणं म्हणजे ओल. पावसात राहणाऱ्या वस्तूला साधा गोंद लावून पुन्हा गोंदालाच दोष देणारे मी पाहिलेत.

जुन्या कारागिरांचा मुद्दा फार ताणत नाही. इजिप्तमध्ये थेब्जला रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यात इ.स.पू. 15व्या शतकातली भिंतीचित्रं आहेत आणि त्यांत लाकूड चिकटवणारे कारागीर दिसतात. लाकडात स्वतः घुसणारा टोकदार स्क्रू सर्रास मिळायला लागला तो 19व्या शतकात.

आता अर्धा खरा मुद्दा, लाकूड तडकण्याचा. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, पण रेषांच्या लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत. सागवानाची 60 सेंटीमीटर रुंद फळी ओलाव्यातल्या 4 टक्के फरकाने, ती कशी कापली आहे त्यानुसार, दोन ते साडेचार मिलिमीटर हलते. तिच्याखाली रेषे आडवे टाकून पट्टी चिकटवली तर फळीला हलायला वाव राहत नाही आणि ती मधोमध फुटते. पण तीच पट्टी नुसत्या घट्ट स्क्रूंनी जखडली तरी तेच होईल. टेबलाच्या अखंड फळीला म्हणूनच गोंद नाही आणि स्क्रूसाठी गोल भोकंही नाहीत, लांबट खाचा. पाच-सात सेंटीमीटरच्या पट्ट्यांची हालचाल मात्र नगण्य असते. प्लायचा तर प्रश्नच नाही, त्याचे थर एकमेकांना आडवे असतात.

खोलण्याबद्दल मजकूर पूर्ण बरोबर आहे. पलंग, मोठं कपाट, मागची पाठ, ज्याला उद्या दारातून बाहेर काढायचंय त्याला गोंद लावू नका.

बाकी ठिकाणी दोन्ही वापरा, आणि स्क्रूला शिकंजा समजा. गोंद ओला असेपर्यंत तुकडे दाबून धरणं हे त्याचं निम्मं काम आहे, सांध्यावर सतत ओझं नसेल तर सुकल्यावर काढलात तरी चालतो. इथे बहुतेकांची एकच चूक होते. वरच्या तुकड्याचं भोक स्क्रूच्या आट्यांपेक्षा मोठं हवं, म्हणजे आटे फक्त खालच्या तुकड्यात धरतील. तसं नसेल तर आटे दोन्हीकडे पकडतात, मध्ये फट राहते, आणि कितीही पिळलं तरी ती मिटत नाही. सांध्याच्या कडेने गोंदाचे बारीक थेंब बाहेर आले की दाब पुरेसा आहे असं समजा. ते ओल्या फडक्याने लगेच पुसा, नाहीतर पॉलिश करताना तिथे फिकट डाग उठतात.

ते स्टूल अजून वापरात आहे. लांबट झालेल्या भोकांत गोंद लावलेल्या लाकडी काड्या ठोकल्या, सुकल्यावर कापून सपाट केल्या, पट्ट्यांना गोंद फासला आणि तेच जुने स्क्रू पुन्हा मारले.