ब्रह्मदेशातल्या पदकांचा हिशेब मांडताना

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी), म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला: यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) आणि नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५). दोन्ही इटलीत. मग कुणीतरी हटकून विचारतंच, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढताना आपले मराठे कुठे होते?

या प्रश्नाची मला चीड येते. पदकं मोजून पलटणीचं शौर्य मोजणाऱ्यानं निदान पदक कसं मिळायचं ते तरी बघावं.

पदकाची शिफारस लिहायची ती फॉर्म डब्ल्यू-३१२१ वर. बटालियनचा कमांडिंग ऑफिसर लिहिणार, मग ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी अशा सह्या होत कागद वर जाणार. वरचा साहेब मोठं पदक खोडून धाकटं लिहू शकायचा. हे कागद ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या डब्ल्यूओ ३७३ मालिकेत आहेत, त्यांत ही खाडाखोड आजही दिसते. नातेवाइकाचा कागद शोधताना नावापेक्षा सैनिक क्रमांक धरा. मराठी नावांच्या रोमन स्पेलिंगचं त्यात पार भजं झालेलं असतं.

आणि शिफारस लिहायला आधी शौर्य कुणीतरी बघायला हवं. जंगलात बघणारं कोण? दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, हल्ला रात्रीचा.

व्हीसी मिळालेले हवालदार उमराव सिंग यांचं प्रकरण बघा. ब्रह्मदेशातलं कलादान खोरं, १५-१६ डिसेंबर १९४४, डोंगरी तोफखाना. दीड तास तोफा-मॉर्टरचा मारा, मग एकामागून एक हल्ले. शेवटी दारूगोळा संपल्यावर त्यांनी तोफेचा जड लोखंडी दांडा उचलला. प्रतिहल्ल्यानंतर सहा तासांनी ते तोफेपाशी बेशुद्ध सापडले. अंगावर सात गंभीर जखमा, भोवती दहा जपानी मरून पडलेले. तोफ शाबूत होती, त्याच दिवशी पुन्हा चालली. पण ती जागा परत हाती आली म्हणून हे सगळं दिसलं, लिहिलं गेलं.

आता सांगशाक घ्या, मणिपूर, मार्च १९४४. ५० पॅराशूट ब्रिगेडसोबत ४/५ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन. काटेरी तार नाही, तीन फुटांखाली खडक म्हणून खंदक उथळ, पाण्याची मारामार, विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्या हद्दीत. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला आणि वाचलेले लहान लहान टोळ्यांनी जंगलातून इंफाळकडे निघाले. सांगशाकची टेकडी जपान्यांकडे गेली. तिथे शेवटच्या खंदकात कुणी काय केलं याची शिफारस कोण लिहिणार होतं?

शिवाय त्या काळी मिलिटरी क्रॉस आणि मिलिटरी मेडल ही व्हीसीखालची शौर्यपदकं मरणोत्तर देता येत नसत. मेलेल्या जवानाची व्हीसीची शिफारस वर नाकारली गेली, तर बहुतेक वेळा उरायचा तो खलित्यातला उल्लेख (मेन्शन इन डिस्पॅचेस), म्हणजे सेनापतीच्या अधिकृत अहवालात नाव येणं. त्याची खूण म्हणजे ब्राँझचं एक छोटं ओकचं पान, वॉर मेडलच्या रिबनवर लावायचं. घरातल्या जुन्या पेटीत असं पान दिसलं तर शोभेची टाचणी समजून काढून टाकू नका.