फाईल कोणाच्या हातून येते?

आमच्या लॉ कॉलेजच्या ग्रुपवर एरवी वाढदिवस आणि बदल्यांच्या बातम्या असतात. गेला पंधरवडा मात्र तिथे नुसती खडाजंगी चालली होती, आणि निमित्त होतं लोक अभिरक्षक कार्यालयाचं. ज्या आरोपीला वकील परवडत नाही, त्याला पूर्वी पॅनेलवरचा, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतला, खासगी वकील मिळायचा, केसमागे फी घेणारा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेनुसार आता जिल्ह्यांत पगारी वकिलांची ही कार्यालयं आली. मुख्य अभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा दहा वर्षांचा अनुभव हवा, उपमुख्याला सात वर्षांचा, हाताखाली नवे सहाय्यक. खासगी प्रॅक्टिस पूर्ण बंद. फौजदारी मोफत कामं मुख्यतः यांच्याकडे गेली आणि पॅनेलकडे राहिली दिवाणी, कौटुंबिक असली कामं.

पॅनेलवरचे वर्गमित्र म्हणतात, पोटावर पाय आला. दुसरी बाजू म्हणते, तुम्ही तारखेला उभे राहत होतात तरी का? शेवटी कुणीतरी लिहिलं, ‘ब्रॅम्प्टनच्या मॅडमना विचारा, तिकडे कसं आहे.’ ब्रॅम्प्टन म्हणजे कॅनडातलं टोरांटोजवळचं शहर, आणि मॅडम म्हणजे मी. त्यात टोमणा किती आणि प्रश्न किती हे मला कळलं. तरीही उत्तर देते.

तिकडचं सांगण्याआधी इकडचं एक कबूल करायला हवं. मुंबईत माझं वकिलीचं चौथं वर्ष चालू होतं आणि मी पॅनेलवर होते. कुर्ला कोर्टात चोरीच्या केसमधला एक पोरगा माझ्याकडे आला होता, वय एकोणीस, आर्थर रोडला कच्चा कैदी. जामीन अर्जाच्या दिवशीच वांद्र्याला माझी चेक बाउन्सची केस लागली. त्या अशिलाने पैसे दिले होते आणि तो दारात उभा होता. मी वांद्र्याला गेले आणि कुर्ल्याला मैत्रिणीच्या ज्युनियरला पाठवलं, ‘फक्त तारीख घे’ म्हणून. तारीख मिळाली, चौदा दिवसांनंतरची. पोरगा ते चौदा दिवस आत राहिला. पुढच्या तारखेला त्याची आई व्हरांड्यात भेटली. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, ‘मॅडम, तुम्ही सरकारी वकील ना? मग तुम्ही त्याला सोडवणार कशा?’ फुकटचा वकील तो सरकारचा, आणि सरकारचा वकील आपल्याविरुद्ध, असा तिचा सरळ हिशोब होता. मी तिला फरक समजावून सांगितला. ते चौदा दिवस कसे गेले, ते मात्र सांगितलं नाही.

म्हणून ‘पॅनेलवाले हजर नसतात’ हे वाक्य मला लागतं, कारण ते खोटं नाही. पण मी आळशी होते असंही नाही. एकाच दिवशी दोन कोर्टांत उभं राहायचं असेल आणि एकीकडे घरभाड्याचा प्रश्न असेल, तर माणूस कुठे जातो हे सांगायला कायद्याचं पुस्तक लागत नाही. पगारी वकिलाला हा पेच पडत नाही. पगारी कार्यालयाच्या बाजूने मला सगळ्यात वजनदार वाटतो तो हाच मुद्दा.

आता तिकडचं. इथे माझी सनद चालत नाही, समकक्षतेच्या परीक्षा दोनदा अर्ध्यावर सोडल्या, आणि एका फौजदारी वकिलाच्या कार्यालयात मी क्लार्क आहे. ऑन्टारियोत, म्हणजे आमच्या प्रांतात, मोफत वकिलीची योजना १९६७ पासून आहे. आधी ती वकिलांची संस्थाच चालवायची, १९९९ पासून लीगल एड ऑन्टारियो हे स्वतंत्र महामंडळ चालवतं. तिची मूळ कल्पना अगदी साधी. पात्र माणसाला एक सर्टिफिकेट मिळतं. ते घेऊन त्याने यादीतल्या कोणत्याही खासगी वकिलाकडे जायचं, वकिलाने केस घ्यायची आणि बिल महामंडळाला लावायचं. यांच्याबरोबर असतात ड्यूटी काउन्सेल. सकाळी कोर्टात हजर असलेला हा वकील ज्याला कुणी नाही त्याचा जामीन बघतो. त्यांतले काही पगारी, काही रोजावर बोलावलेले खासगी. एकाच टेबलाशी, एकच काम करणारे. पगारी की खासगी, हा वाद त्या टेबलाशी तरी मी ऐकलेला नाही.

पण इथे सगळं गोडीगुलाबीने चालतं असं समजू नका. २००९ मध्ये टोरांटोच्या फौजदारी वकिलांनी खुनाच्या आणि टोळ्यांच्या खटल्यांची सर्टिफिकेटं घेणं बंद केलं होतं, कारण दर परवडत नव्हते. २०१९ मध्ये प्रांतिक सरकारने महामंडळाच्या अनुदानाला सुमारे तीस टक्के कात्री लावली. आणि पात्रता? किमान वेतनावर पूर्ण आठवडा राबणारा एकटा माणूस फुकट वकिलाच्या उत्पन्नमर्यादेत बसत नाही. शिवाय फौजदारी सर्टिफिकेट साधारणपणे तुरुंगाची शक्यता असेल तरच मिळतं. आमच्या कार्यालयात फोन करणाऱ्या कितीतरी जणांना मी ‘बसत नाही’ एवढंच सांगते. मराठीत कुणी विचारलं, तर ते सांगताना जास्त जड जातं.

आपला कायदा इथे उजवा आहे, आणि हे मुंबईत बसून लक्षात येत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती, यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो. कोठडीत असलेली कुणीही. कसाबच्या अपिलाच्या निकालात, २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तर दंडाधिकाऱ्यांना बजावलं की आरोपीला पहिल्यांदा समोर आणताच वकिलाचा हक्क सांगा, आणि परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळेल हेही सांगा. ज्या माणसाला वकील मिळू नये म्हणून आपल्या शहरात आरडाओरडा झाला, त्याच्या नावावर हा नियम लागला. हे लिहिलं की ग्रुपवर वेगळंच भांडण सुरू होईल, म्हणून तिथे लिहिलं नाही. इथे लिहिते.

मग पगारी बरे की खासगी? या प्रश्नावरचा मला माहीत असलेला सगळ्यात नेटका पुरावा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा आहे. तिथे १९९३ पासून खुनाच्या पाच खटल्यांपैकी एक डिफेन्डर संस्थेकडे, म्हणजे आरोपींचा बचाव करणाऱ्या पगारी वकिलांच्या संस्थेकडे, आणि उरलेले चार कोर्टाने नेमलेल्या खासगी वकिलांकडे जात होते. वाटणी क्रमाने व्हायची, केस बघून नव्हे, त्यामुळे तुलना सरळ करता आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की डिफेन्डरांकडे खुनासाठी दोषी ठरण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी आणि जन्मठेपेची शक्यता ६२ टक्क्यांनी कमी होती. ग्रुपवर हा आकडा टाकला तर पगारीवाले पेढे वाटतील.

पण तो अभ्यास कारणंही देतो, आणि ती वाचताना मला कुर्ल्याचा व्हरांडा आठवला. खासगी वकिलांना फी तुटपुंजी होती. सोबतीला ना तपास करणारा माणूस, ना सल्ला द्यायला कुणी, सगळं एकट्याने. आणि तिसरं म्हणजे त्यांना नेमत होते ते न्यायाधीशच. पुढची फाईल ज्याच्या हातून यायची, त्याच्याच समोर आज हट्टाने वेळ मागायचा, साक्षीदाराला दुसऱ्यांदा बोलवा म्हणायचं, अर्ज फेटाळला तर तोंडावर अपिलाची भाषा करायची. कोण करेल?

आता आपली रचना बघा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष कायद्यानेच जिल्हा न्यायाधीश असतात. पॅनेलची यादी तिथून. अभिरक्षकांची निवडही त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीकडून. नेमणूक आधी दोन वर्षांची कंत्राटी, मग काम बघून वर्षावर्षाची मुदतवाढ. म्हणजे खासगीच्या जागी पगारी आला, त्याला ऑफिस मिळालं, सोबती मिळाले, हे चांगलंच. तिसरं कारण मात्र होतं तिथेच आहे, वर त्याला वार्षिक तारीख लागली. न्यायाधीश मंडळी सूड घेतील असं मी म्हणत नाही. बहुतेकांना असं काही सुचणारही नाही. पण मुदत संपत आली की वकिलाला सुचतं.

आणि पॅनेल सुकवून टाकणं परवडणारही नाही. दरोड्याची केस घ्या, आरोपी चार. एक म्हणतो, मी फक्त रिक्षा चालवत होतो, आत काय झालं मला माहीत नाही. दुसरा म्हणतो, सगळं यानेच ठरवलं. एका कार्यालयाने दोघांचा बचाव कसा करायचा? सहाय्यक वेगळे दिले तरी कपाट एक, साहेब एक. तीन फाईल बाहेर जायलाच हव्यात, आणि बाहेर फौजदारी काम करणारा, हात न गंजलेला वकील शिल्लक हवा. पॅनेलला फक्त दिवाणी आणि उरलंसुरलं दिलं, तर पाच वर्षांनी ह्या तीन फाईल कोणाला देणार?

निवडीचं एक राहिलं. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे सर्टिफिकेटवर आलेल्या एका ट्रकवाल्याला माझे साहेब पटले नाहीत. त्याने वकील बदलून मागितला, कारणं दिली, मंजुरी आली. साहेबांनी तोंड वाकडं करून सही केली, मी कागदांचा खोका टेप लावून दिला. खरं सांगायचं तर मलाही राग आला. दोन महिने त्याच्या फाईलवर मीच खपले होते. आपल्याकडेही वकील बदलून मागता येतो, पण कुर्ल्याच्या त्या पोराला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

ग्रुपवर मी एवढं सगळं लिहिलं नाही. पॅनेलवरच्या ज्या मित्राने सगळ्यात जास्त आगपाखड केली होती, त्याने रात्री वेगळा मेसेज केला. त्याच्या जिल्ह्यात उपमुख्याची जागा निघाली होती. ‘इथे शिव्या घालतोय खरा, पण फॉर्म भरू का?’ मी म्हटलं, भर. तुझ्यासारखा उलटतपास घेणारा माणूस तिथे हवाच. फक्त मुलाखतीत एक विचार, की मुदतवाढीवर सही करणारे न्यायाधीशच सोडून दुसरं कुणी असू शकेल का.

त्याचं उत्तर मिनिटाभरात आलं. ‘अगं, मुलाखत घ्यायला तेच बसतात.’