मस्टीक बेट नोकराला मिळालेलं नाही

एका विक्षिप्त ब्रिटिश लॉर्डाची गोष्ट सारखी फिरत असते. त्यानं कॅरिबियन समुद्रातलं एक ओसाड बेट विकत घेतलं, ते राजकन्येला लग्नात भेट दिलं आणि मरताना बायकापोरांना डावलून तेच बेट आपल्या नोकराच्या नावे केलं. नोकराचं नशीब रातोरात उघडलं आणि घराणं रस्त्यावर आलं, अशी ही गोष्ट. हे लॉर्ड म्हणजे कॉलिन टेनंट, तिसरे बॅरन ग्लेनकॉनर (1926–2010) आणि बेट म्हणजे सेंट व्हिन्सेंटजवळचं मस्टीक. माणूस खरा, बेटही खरं. बाकीची गोष्ट जवळजवळ सगळीच चुकीची आहे.

पहिला आक्षेप ‘ओसाड’ या शब्दाला. टेनंट यांनी 1958 मध्ये 45,000 पौंडांना बेट घेतलं तेव्हा तिथे वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं, धड रस्ताही नव्हता आणि डासांचा सुकाळ होता. पण तिथे माणसं राहत होती. शंभरेक माणसांचं गाव होतं, कापसाची शेती होती. त्याआधी, अठराव्या शतकात, याच जमिनीवर गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे चालत. पुढे युरोपातल्या बीटच्या साखरेनं उसाचा धंदा बसवला आणि मळे मोडले. टेनंट आल्यावर गावकऱ्यांची वस्ती हलवली गेली; आजचं लव्हेल हे गाव त्यातून उभं राहिलं. बेट ओसाड म्हटलं की ही सगळी माणसं एका शब्दात पुसली जातात, म्हणून मला ही चूक सर्वांत मोठी वाटते. सातबारावर नाव नसलेला माणूस तिथे नव्हताच, असं समजण्याची ही जुनी खोड आहे.

राजकन्येला बेट भेट दिलं, हे तर साफ खोटं. 1960 मध्ये राणी एलिझाबेथ (दुसऱ्या) यांची बहीण प्रिन्सेस मार्गारेट यांच्या लग्नात टेनंट यांनी दिला तो दहा एकरांचा एक तुकडा. बेट आहे सुमारे 1,400 एकरांचं. त्या तुकड्यावर ‘ले जोली ओ’ हे घर बांधून झालं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याचा आराखडा केला ऑलिव्हर मेसेल यांनी, जे मार्गारेट यांच्या नवऱ्याचे मामा. पुढे मार्गारेट यांनी ते घर मुलाला दिलं आणि त्यानं ते विकून टाकलं. या भेटीला निव्वळ लहर म्हणणंही मला पटत नाही. राजघराण्यातली व्यक्ती शेजारी आहे म्हटल्यावर श्रीमंतांना तिथे प्लॉट घ्यावेसे वाटले. टेनंट भडक डोक्याचे आणि उधळे होते, यात वाद नाही. 1976 मध्ये पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांनी बेटावर सोनेरी थाटाची मेजवानी दिली होती. पण जागा कशी विकायची हे त्यांना नेमकं कळत होतं.

आता मुख्य मुद्दा. बेट गेलं कसं? ते मृत्युपत्रानं गेलं नाही, खर्चानं गेलं. पाणी, वीज, धावपट्टी, हॉटेल हे सगळं शून्यातून उभं करायचं म्हणजे विहिरीत पैसा ओतण्यासारखं होतं. 1968 मध्ये मस्टीक कंपनी निघाली आणि सत्तरच्या दशकातच तिची सूत्रं व्हेनेझुएलाचे उद्योगपती हान्स नॉयमान यांच्याकडे गेली. आज ही कंपनी बेटावरच्या घरमालकांची आहे. टेनंट यांनी बाडबिस्तरा उचलला तो सेंट लुसिया या दुसऱ्याच बेटावर. तिथे दोन पिटॉन शिखरांच्या मधल्या किनाऱ्यावर त्यांनी मोठी जमीन घेतली आणि डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयातून एक हत्तीणही आणली. बहुधा गोष्ट सांगणाऱ्यांची गल्लत इथेच होते: मृत्युपत्रातली मालमत्ता ही सेंट लुसियातली होती. मस्टीक नव्हे, आणि अख्खं बेट तर नव्हेच.

मृत्युपत्र मात्र खरंच बदललं होतं. ऑगस्ट 2010 मध्ये टेनंट वारले, त्याच्या काही महिने आधी. सगळं सेवकाला. ‘रातोरात नशीब उघडलं’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की या माणसानं जवळजवळ तीस वर्षं त्यांची चाकरी केली, त्यांचे रागलोभ झेलले, म्हातारपणी सेवा केली. पत्नी लेडी अ‍ॅन यांच्यावर अन्याय झाला नाही, असं मी म्हणत नाही. चोपन्न वर्षांच्या संसारानंतर असं मृत्युपत्र वाचायला मिळणं हा अपमानच होता, आणि त्यांनी स्वतःही ते दुःख उघडपणे मांडलं आहे. पण त्यांचं दुःख खरं ठरवण्यासाठी सेवकाला लबाड ठरवण्याची गरज नाही.

उरला शेवटचा दावा: घराणं रस्त्यावर आलं. घराण्याची मूळ इस्टेट स्कॉटलंडमधली ग्लेन. ती त्या मृत्युपत्रात नव्हतीच. आधीच पुढच्या पिढीकडे गेली होती. बॅरन हा किताबही मृत्युपत्रानं कोणाला देता येत नाही. तो नातवाकडे गेला. सेंट लुसियाच्या मालमत्तेवरून काही वर्षं कोर्टकज्जे चालले आणि शेवटी तडजोड होऊन ती सेवक आणि हा नातू यांच्यात वाटली गेली. त्या वाटणीत मस्टीक येण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचा ताबा हातून जाऊन तोवर तीस वर्षं उलटून गेली होती.