‘मॉडेल 70 चा पार्ट मॉडेल 70 ला बसत नाही म्हणे!’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, की आजोबांची विंचेस्टर मॉडेल 70 रायफल एक्स्ट्रॅक्टर (काडतूस नळीतून मागे ओढणारा आकडा) तुटला म्हणून दिली, आम्ही तीन आठवडे अडकवून ठेवली, दुसऱ्या मॉडेल 70 चा एक्स्ट्रॅक्टर दुकानात असूनही ‘बसत नाही’ म्हणून तशीच परत केली आणि वर तपासणीचे 500 रुपये लावले.

आधी आमची चूक. काउंटरवरच्या मुलाने फोनवर सीरियल नंबर न विचारताच ‘मॉडेल 70 ना, पार्ट आहे, घेऊन या’ असं सांगून टाकलं. शिवाय दोन आठवडे मी गावाला होतो, तेही कळवलं नाही. 500 रुपये परत घेऊन जा.

पार्ट बसवला नाही, हे मात्र बरोबरच केलं.

मॉडेल 70 निघाली 1936 साली. 1964 मध्ये कंपनीने खर्च वाचवायला ती आतून बदलली आणि नंबर 700000 पासून पुढे सुरू केले. तुमचा नंबर (इथे लिहीत नाही) त्याच्या बराच खालचा, म्हणजे 64 च्या आधीचा; आमच्याकडचा पार्ट 64 नंतरच्या रायफलचा. दोन्ही बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) मी तुमच्यासमोर काउंटरवर शेजारी ठेवले होते. तुमच्या बोल्टच्या अंगाला बोटापेक्षा लांब पोलादी पट्टी आहे, जर्मन माउझर रायफलच्या धर्तीची. मॅगझीनमधून काडतूस वर आलं की त्याची कड त्या पट्टीच्या आकड्यात सरकते आणि बाहेर फेकलं जाईपर्यंत ते बोल्टच्या ताब्यात राहतं. 64 नंतरच्या बोल्टचं तोंड वाटीसारखं. तो काडतूस नुसतं पुढे ढकलतो, आणि बोल्ट बंद होताना नखाएवढा एक्स्ट्रॅक्टर कडेवर टक्कन बसतो. तो नखाएवढा तुकडा तुमच्या बोल्टवर लावू कुठे? त्याला घरच नाही.

‘मग अख्खा बोल्ट बदला’ असं तुम्ही म्हणालात. तुमच्या रायफलचा इजेक्टर, म्हणजे काडतूस बाहेर फेकणारा भाग, हे रिसीव्हरमधलं (बोल्ट ज्यात सरकतो त्या चौकटीतलं) पातं आहे. नव्या बोल्टला त्यासाठी फटच नाही, कारण त्याचा इजेक्टर त्याच्याच तोंडात स्प्रिंगवर असतो. आणि परक्या रायफलचा बोल्ट घालायचा, हेडस्पेस गेजने (बंद बोल्टपुढे काडतुसाला जागा बरोबर आहे का ते मोजायचं माप) बघायचा नाही, आणि ती खांद्याला लावायची? माझ्याकडून होणार नाही.

64 नंतरच्या रायफलला मी ‘डबा’ म्हटलं नाही, याचाही तुम्हाला राग आला. दस्त्यावरची ती दाबून उठवलेली नक्षी मलाही बघवत नाही. घाईत बोल्ट पूर्ण बंद न करताच मागे ओढून पुन्हा पुढे ढकलला तर पहिलं काडतूस चेंबरमध्येच (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) राहतं आणि दुसरं त्याच्या बुडाला जाऊन अडतं, हेही खरं. पण काडतुसाचं बूड त्या वाटीत चहूबाजूंनी झाकलं जातं, ते सुरक्षिततेला चांगलंच, वाईट कसं म्हणू? कंपनीने 1992 मध्ये पट्टीवाला बोल्ट परत आणला, तेव्हा तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही.

परदेशी बंदुकांची आयात 80 च्या दशकातच जवळपास बंद झाली. त्यामुळे जुनी पट्टी मिळाली तर इथल्याच एखाद्या मोडीत निघालेल्या रायफलची मिळेल. दोन ठिकाणी विचारून ठेवलंय. तुटलेली पट्टी टाकू नका, मापाला लागेल. येताना लायसन्स मूळच आणा, झेरॉक्स चालत नाही. सोमवारी दुकान बंद असतं.