‘समितीकडे जाऊ नका’ सांगणारा मेसेज: त्यात खरं किती, खोटं किती

नाशिकच्या कॉलेज ग्रुपांवर लैंगिक छळाच्या तक्रारींबद्दल एक मजकूर फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच: ‘कॉलेजची तक्रार समिती म्हणजे मॅनेजमेंटचीच माणसं. पुरावा नसेल तर उलट तुमच्यावरच कारवाई होते. तीन महिने उलटले की विषय संपला. निकाल लागलाच तर वरचे दाबतात. त्यापेक्षा थेट पोलिसांत जा, नाहीतर इन्स्टावर नाव टाका. आणि जातीवरून त्रास असेल तर तक्रारीला जागाच नाही.’

मेसेज धडधडीत खोटा असता तर सोडून देता आला असता. पण त्यातली दोन-तीन वाक्यं अर्धी खरी आहेत, आणि वाचणारा त्यांच्या भरवशावर बाकीचंही गिळतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी नियम कोणते ते. लैंगिक छळाच्या तक्रारींना कामाच्या ठिकाणच्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागू होतो, आणि त्यासोबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम, जे राजपत्रात मे २०१६ मध्ये आले. कॉलेज रोड-गंगापूर रोडवरची पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयं असोत, म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, मुक्त विद्यापीठ किंवा त्र्यंबक रोडवरचं खासगी विद्यापीठ, अंतर्गत तक्रार समिती सगळीकडे हवीच. जुनी मंडळी तिला अजून ‘विशाखा समिती’ म्हणतात. फलकावर तेच नाव दिसलं तर गोंधळू नका.

‘समितीत मॅनेजमेंटचीच माणसं असतात.’ विनियम याच्या नेमके उलट आहेत. अध्यक्षा वरिष्ठ महिला प्राध्यापक हवी: विद्यापीठात किमान प्रोफेसर, महाविद्यालयात किमान असोसिएट प्रोफेसर. सोबत दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि या विषयाची जाण असलेली संस्थेबाहेरची एक व्यक्ती. प्रकरणात विद्यार्थी असतील तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरचे तीन विद्यार्थी प्रतिनिधी, तेही निवडून आलेले. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा प्रशासकीय पदावरच्या कोणालाही सदस्य होता येत नाही. मुदत तीन वर्षं.

प्रत्यक्षात काय होतं, हेही सांगायला हवं. नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) फाईल भरायची म्हणून समितीचा आदेश एकदा निघतो आणि पुढे दरवर्षी तोच कागद नवी तारीख घालून लावला जातो. त्यात अध्यक्षाच विभागप्रमुख असते. बाहेरची सदस्य दोन वर्षांपूर्वीच पुण्याला गेलेली असते. विद्यार्थी प्रतिनिधी प्राचार्यांनी ‘नेमलेले’ असतात. या चुका किरकोळ नाहीत. रचनाच चुकली असेल तर अहवाल पुढे कोर्टात आव्हानाला उघडा राहतो, आणि त्याचा फायदा बहुतेक वेळा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाच होतो. म्हणून तक्रार देण्यापूर्वी समितीच्या आदेशाची प्रत मागा, नावं आणि पदं विनियमाशी ताडून बघा, आणि हरकत असेल तर ती पहिल्याच दिवशी लेखी नोंदवा. निकालानंतर घेतलेली हरकत ‘विरोधात गेलं म्हणून बोलतात’ या खात्यात जमा होते.

तक्रार खुद्द संस्थाचालकाविरुद्ध असेल तर अंतर्गत समितीची वाटच नाही. ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. महिला व बालविकास किंवा समाजकल्याण खात्याचा अधिकारी तिथे पदसिद्ध सदस्य असतो, त्यामुळे चौकशीची सुरुवात जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातून करावी.

‘पुरावा नसेल तर तुमच्यावरच कारवाई.’ मेसेजमधलं सर्वांत खोटं आणि सर्वांत जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. कायद्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की आरोप सिद्ध करता आला नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होत नाही. त्यासाठी तिने जाणूनबुजून, दुष्ट हेतूने खोटी तक्रार केली हे चौकशीत स्वतंत्रपणे सिद्ध व्हावं लागतं. शिवाय समितीपुढे फौजदारी खटल्यासारखा ‘संशयापलीकडचा’ पुरावा लागत नाही. दोन्ही बाजू ऐकून कोणती अधिक शक्य वाटते, हे पाहिलं जातं. बंद केबिनमधल्या प्रसंगाला साक्षीदार नसतो, हे समितीलाही कळतं.

पण तक्रार कशी लिहिली आहे यावर बरंच अवलंबून असतं. ‘सर घाणेरडं बोलतात, नेहमी त्रास देतात’ यावर चौकशी उभी राहत नाही, कारण समोरच्याला उत्तर द्यायला त्यात काही ठोस नाही. प्रत्येक प्रसंग वेगळ्या परिच्छेदात घ्या: तारीख, अंदाजे वेळ, जागा (‘दुसऱ्या मजल्यावरची लॅब, जर्नल तपासणीच्या वेळी’), नेमके शब्द किंवा नेमकी कृती, आजूबाजूला कोण होतं, त्यानंतर तुम्ही कोणाला सांगितलं. शब्द कितीही लाजिरवाणे असले तरी जसेच्या तसे लिहा. ‘अश्लील बोलले’ हा निष्कर्ष झाला, तो समितीला काढू द्या. त्याच संध्याकाळी मैत्रिणीला केलेला मेसेज हासुद्धा पुरावाच आहे.

चॅटच्या स्क्रीनशॉटमध्ये फक्त सेव्ह केलेलं नाव दिसत असेल तर ‘हा माझा नंबरच नाही’ म्हणायला वाव राहतो. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मूळ फोनमधलं काहीही डिलीट करू नका. सीसीटीव्हीचं चित्रण साधारण काही आठवड्यांत पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. त्यामुळे कोणत्या कॅमेऱ्याचं, किती ते किती वाजताचं चित्रण जपून ठेवायचं, याचा अर्ज तक्रारीसोबतच द्या. सहा प्रती करा, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी जोडा, आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीपुढून हलू नका. ‘मॅडम बघतील, ठेवून जा’ ही पोच नव्हे. लिहिणं जमत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे.

‘तीन महिने उलटले की संपलं.’ इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. मुदत प्रसंगापासून तीन महिने, प्रसंगांची मालिका असेल तर शेवटच्या प्रसंगापासून. कारण पटलं तर समिती ती आणखी तीन महिन्यांनी वाढवू शकते, मात्र कारण लेखी नोंदवून. परीक्षा, आजारपण, तोच माणूस गाइड असल्याची भीती, जे असेल ते अर्जात लिहा. समिती आपणहून ओळखणार नाही.

या मुदतीपुढे मोठमोठी प्रकरणं आपटतात. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध २६ डिसेंबर २०२३ रोजी तक्रार दिली. शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३ चा होता. स्थानिक समितीने ती मुदतबाह्य ठरवली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. नंतरच्या प्रशासकीय कारवाया छळाच्या मालिकेत धरल्या गेल्या नाहीत. (तरीही हा निकाल कुलगुरूंच्या बायोडेटात नोंदवावा, असं न्यायालयाने सांगितलं, ते वेगळं.) यातून घ्यायचं ते असं: नंतर टर्मवर्कचे गुण कापले किंवा सबमिशन अडवलं, तर त्याचा आधीच्या प्रसंगाशी संबंध काय, हे तक्रारीत दाखवून द्यावं लागतं. ‘तेव्हापासून त्रास सुरूच आहे’ एवढं पुरत नाही.

‘थेट पोलिसांत जा.’ जरूर जा, पण समितीऐवजी कशाला? दोन्ही वाटा एकाच वेळी चालतात. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळाचं आणि ७८ पाठलागाचं. गुन्हा नोंदवायचा असेल तर मदत करणं ही कायद्याने संस्थेचीच जबाबदारी आहे. ‘आता एफआयआर झाला, आमचं काम संपलं’ म्हणून समितीला हात झटकता येत नाहीत.

आणि पोलिस देऊ शकत नाहीत अशा गोष्टी समितीच्या हातात आहेत, ज्यांचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. चौकशी सुरू असताना अंतरिम दिलासा मागता येतो. त्या शिक्षकाला तुमचे पेपर, ओरल, प्रबंध तपासण्यापासून दूर ठेवणं. तुमची किंवा त्याची बदली. तीन महिन्यांपर्यंत रजा. त्याला अंतर राखण्याची ताकीद किंवा आवारात बंदी. पीएच.डी. करणाऱ्या मुलीच्या दृष्टीने गाइड बदलून मिळणं हे अंतिम निकालाइतकंच मोठं असतं. मात्र हा दिलासा लेखी मागितल्याशिवाय मिळत नाही. मूळ तक्रारीच्याच शेवटी ‘अंतरिम मागणी’ असा वेगळा परिच्छेद टाका आणि परीक्षेच्या तारखा लिहा, म्हणजे निकड दिसते.

सातपूर-अंबडच्या कंपनीत इंटर्नशिप, रुग्णालयातली पोस्टिंग, शैक्षणिक सहल, क्रीडा स्पर्धा, कॉलेजची बस हे सगळं ‘विस्तारित परिसर’ धरलं जातं. ‘ते आमच्या गेटबाहेर झालं’ हे उत्तर चालत नाही.

एका बाबतीत मात्र मेसेजमधलं ‘थेट पोलिसांत जा’ अगदी बरोबर आहे, बहुधा लिहिणाऱ्याच्या नकळत. नाशिकच्या कितीतरी महाविद्यालयांत अकरावी-बारावीचे वर्ग त्याच आवारात भरतात. मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर पोक्सो (मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा) कायदा लागतो आणि पोलिसांना कळवणं हे कळलेल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी समितीत बघू, मग ठरवू’ असं म्हणणारे प्राचार्य स्वतःच गुन्ह्यात अडकतात. तिथे समेटाचा प्रश्नच नाही.

इन्स्टाबद्दल थोडक्यात. तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, साक्षीदार आणि कामकाज हे सगळं २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार गोपनीय आहे. नाव टाकलं की मूळ प्रकरण बाजूला पडतं आणि चर्चा बदनामीची सुरू होते. त्याच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

‘निकाल लागला तरी वरचे दाबतात.’ हे घडतं. म्हणूनच तारखा पाठ हव्यात: तक्रारीची प्रत समोरच्याला ७ दिवसांत, त्याचं उत्तर १० दिवसांत, चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत दोन्ही बाजूंना, अंमल ३० दिवसांत. शिफारस मान्य नसेल तर संस्थेला कारणं लेखी द्यावी लागतात. ती मागा. अपील विनियमांनुसार ३० दिवसांत करायचं असतं. मूळ कायद्यात ९० दिवस असले तरी त्या भरवशावर राहू नका.

दाबण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे समितीच्या अहवालानंतर पुन्हा वेगळी ‘विभागीय चौकशी’ लावून मुलीला तेच सगळं परत सांगायला लावणं. मेधा कोतवाल लेले प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बंद केलंय: समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानायचा. तडजोडही तक्रारदाराने मागितली तरच, आणि पैशांवर कधीच नाही.

उलट बाजूही आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या, समितीने दोषी ठरवलं, बडतर्फी झाली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण समितीने शेवटच्या सुनावण्या घाईत उरकल्या आणि त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही. चौदा वर्षांनी चौकशी परत जुन्या टप्प्यावर. तेव्हा समोरच्याला मुदतवाढ मिळाली, त्याने लेखी प्रश्न पाठवले, म्हणून लगेच ‘सेटिंग झालं’ समजू नका. त्याला मिळालेली योग्य संधीच पुढे तुमचा निकाल टिकवते. प्रत्येक सुनावणीच्या इतिवृत्तावर तारीख, हजर सदस्यांच्या सह्या आणि तुमची सही आहे ना, ते मात्र त्याच दिवशी बघा. अध्यक्षेसह किमान तीन सदस्य हवेत आणि वकील कोणालाच आणता येत नाही.

मुलांसाठी काहीच नाही, अशी पुरवणीही या मेसेजला कोणीतरी जोडतं. २०१३ चा कायदा महिलांपुरता आहे. पण आयोगाचे विनियम मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही छळ होऊ शकतो हे मान्य करून कारवाई करायला सांगतात.

राहिला जातीचा मुद्दा. ‘जागाच नाही’ हे साफ चूक. खरी अडचण जागा तीन-चार असण्याची आहे. पेठ, सुरगाणा, कळवणहून आलेल्या मुलाला वर्गात ‘कोट्यातला’ म्हणणं, शिष्यवृत्तीची यादी जातीसकट मोठ्याने वाचणं, प्रयोगशाळेत नुसतं उभं करून ठेवणं, हे २०१२ च्या समता विनियमांत बसतं. त्यासाठी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी हवा. जातीय छळाच्या आरोपांत आत्महत्या केलेले विद्यार्थी रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्या मातांनी २०१९ मध्ये केलेल्या याचिकेनंतर जानेवारी २०२६ मध्ये नवे विनियम आले, पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली आणि २०१२ चेच चालू ठेवले. गुण, वसतिगृह, शुल्क यांतला भेदभाव २०२३ च्या विनियमांखालच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडेही नेता येतो. तिला १५ कामकाजाचे दिवस आहेत, आणि पुढे विद्यार्थ्यांच्या तक्रारींवरचं अपील ऐकणारा विद्यापीठाचा लोकपाल.

त्रास देणारे विद्यार्थीच असतील तर तो रॅगिंगही ठरतो. आयोगाच्या रॅगिंगविरोधी विनियमांतल्या २०१६ च्या दुरुस्तीने जातीवरून केलेला छळ त्यात आला. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करून, तथ्य दिसल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. दोषीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याचा जाहीर अपमान झाला असेल तर अॅट्रॉसिटी कायदा आहेच. २०१८ च्या दुरुस्तीनंतर एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज उरलेली नाही, आणि तपास पोलिस उपअधीक्षक किंवा शहरात सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. ही प्रकरणं बहुतेक ‘लोकांच्या नजरेसमोर’ या अटीवर अडतात. केबिनमध्ये दोघांतच बोललं गेलं तर ती अट पूर्ण होत नाही. दार उघडं होतं आणि बाहेर तीन मुलं उभी होती, तर त्या तिघांची नावं पहिल्याच जबाबात यायला हवीत.