ट्रायलवर केलेलं गाणं तुमचंच असतं, तो मेसेज पुढे पाठवू नका

गणपतीची गाणी करायची गडबड सुरू झाली की पुण्यात बीट बनवणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. ट्रायल, म्हणजे विकत घेण्याआधी वापरून बघायला दिलेल्या सॉफ्टवेअरवर केलेलं गाणं कंपनीच्या मालकीचं होतं, एक्स्पोर्ट केलेल्या फाईलमध्ये छुपी खूण असते ती बघून यूट्यूब स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर कारवाईचा इशारा देतं, नंतर लायसन्स घेतलं तरी जुनी गाणी चालत नाहीत, आणि म्हणून सरळ क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली कॉपी टाका. धायरी, हडपसरला घरच्या खोलीत बसून मेहनत करणारी पोरं हे वाचून तयार गाणं दाबून ठेवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

पहिलं मालकीचं. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात संगीताचा कर्ता म्हणजे संगीतकार आणि रेकॉर्डिंगचा कर्ता म्हणजे निर्माता, सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी यात कुठेच नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सही केलेला करार लागतो. हां, पण मालकी वेगळी आणि सॉफ्टवेअर वापरायची परवानगी वेगळी, हे मेसेजवाल्याने एकत्र कालवलंय. एखाद्या ट्रायलच्या अटीत ‘फक्त तपासून बघण्यासाठी’ असं असेल आणि तुम्ही त्यावर पैसे कमावले तर कंपनीशी झालेला करार मोडतो, तो त्रास होऊ शकतो, पण म्हणून गाणं त्यांचं होत नाही. आणि अटी प्रत्येकाच्या वेगळ्या. रीपर हे गाणं बनवायचं सॉफ्टवेअर 60 दिवस पूर्ण वापरता येतं, पुढे लायसन्स घ्यायचं, एकट्याने काम करणाऱ्याची वर्षाची कमाई 20,000 डॉलरच्या आत असेल तर 60 डॉलर, नाहीतर 225. एफएल स्टुडिओ हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर, त्याच्या ट्रायलला मुदतच नाही, गाणं एक्स्पोर्ट होतं, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत परत उघडत नाही. त्यामुळे इन्स्टॉल करताना ‘आय अग्री’ दाबण्याआधी पाच मिनिटं वाचा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

छुप्या खुणेचं. यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची आपोआप तपासणी आहे, ते तुमचा आवाज हक्कदारांनी दिलेल्या फायलींशी ताडून बघतं, गाणं कुठल्या सॉफ्टवेअरवर केलं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. डेमो प्लगिनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या वाद्या-इफेक्टच्या ट्रायलमध्ये, मध्येच खरखर किंवा शांतता येते, पण ती कानाला ऐकू येते, लपलेली नसते. मग क्लेम, म्हणजे ‘हे आमचं आहे’ असा दावा, का येतो? बऱ्याचदा लूपमुळे, म्हणजे परत परत वाजवायच्या तयार तुकड्यांमुळे. तोच रॉयल्टी-फ्री लूप दुसऱ्याने वापरला, स्वतःचं गाणं कंटेंट आयडीत टाकलं, की तुमच्यावर क्लेम. असे सगळ्यांना मिळणारे लूप तिथे टाकायचे नाहीत असा यूट्यूबचाच नियम आहे, तरी लोक टाकतात. आणि क्लेम म्हणजे स्ट्राइक नाही, लूपचं लायसन्स दाखवून त्यावर वाद घालता येतो.

‘नंतर पैसे भरून उपयोग नाही’ हे कुठून आलं ते कळतं. सुनोसारख्या एआय ॲपच्या फुकट प्लॅनवरची गाणी कमाईसाठी नसतात आणि नंतर सबस्क्रिप्शन घेतलं तरी ती मोकळी होत नाहीत. तो नियम त्या ॲपचा, सगळ्या ट्रायलला चिकटवायचा नाही.

क्रॅकचा सल्ला मात्र चक्क घातक आहे. ट्रायल ही कंपनीने स्वतः दिलेली कॉपी, क्रॅक ही चोरीची. जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर त्याच कॉपीराइट कायद्याचं कलम 63बी लागतं, कमीत कमी 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड. कमाईसाठी वापरलं नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण तुम्ही तर कमावणारच आहात ना! बजेट नसेल तर एलएमएमएस आहे, ॲपलचा मॅक किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड आहे, गाणं बनवायची ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट.

खरी भीती बाळगायचीच तर गाण्याच्या आत बघा. तुकोबांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे, पण आपण गुणगुणतो ती चाल कुणीतरी बांधलेली असते आणि संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, रेकॉर्डिंगचा प्रकाशनापासून 60. जुन्या कॅसेटमधला आवाज सोडवून त्यावर ढोल-ताशा चढवला तर सॉफ्टवेअरचं महागडं लायसन्स घेऊनही क्लेम येऊ शकतो. चाल स्वतः बांधा, घरातल्या कुणाकडून गाऊन घ्या, आणि गाणारी असो की ढोलकीवाला, वापरायची परवानगी एका कागदावर सहीनिशी घ्या.