रात्रीच्या उपग्रह चित्रातील लाल ढगांबाबत खुलासा

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांमध्ये सध्या एक रंगीत उपग्रह चित्र फिरत असून, रात्री दोन वाजता टिपलेल्या या चित्रात नाशिकवरचे ढग लालभडक दिसतात, म्हणजे ते तापलेले आहेत आणि गारपीट अटळ आहे, असे त्यासोबत लिहिले आहे. हा अर्थ चुकीचा आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हा भारताचा हवामान उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवरून दिवसा ढगांवरून परतणारा सूर्यप्रकाश टिपतो. रात्री सूर्यप्रकाश नसतो, तेव्हा ढगांच्या माथ्यातून निघणारे अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) तेवढे उरतात, ज्यांचे मोजमाप दिवसाही चालूच असते. या मोजमापातून तयार होणारे मूळ चित्र करडे असते, त्यात तापमानानुसार रंग संगणक भरतो. अनेक चित्रांत लाल रंग उणे ६०-७० अंशांच्या, म्हणजे अतिथंड माथ्यांना दिलेला असतो. म्हणून चित्राच्या कडेची रंगपट्टी आधी वाचावी. शिवाय वादळी ढगाचा वाऱ्याने दूरवर पसरलेला माथाही बराच थंड दिसतो, आणि त्याखाली एक थेंबही पडत नाही असे पुष्कळदा घडते.

केवळ या रंगावर विसंबून गोडी न भरलेले घड उतरवू नयेत, ही कळकळीची विनंती. गारपिटीसाठी हवामान विभागाचा इशाराच पाहावा.